उज्जैन टिपायचं कुठून आणि केव्हा

इंदूरहून ५५ किलोमीटरचा रस्ता कापून बस नानाखेड्याच्या स्टँडवर थांबते. महाकालाच्या ओढीने आलेला मराठी यात्रेकरू इथे उतरला की जरा बावचळतो. समोर मॉल, हॉटेलांच्या पाट्या, रुंद रस्ता, पलीकडे स्टेडियम आणि चारी बाजूंनी उभ्या राहणाऱ्या नव्या इमारती. देऊळ नाही, घाट नाही, क्षिप्रेचं पाणीही नाही. ई-रिक्षावाले 'महाकाल, महाकाल' असं ओरडत असतात, म्हणून आपण बरोबर गावात उतरलो एवढं कळतं. बहुतेकजण तिथल्या तिथे रिक्षा पकडून जुन्या शहराकडे निघून जातात.

खांद्यावर कॅमेरा असेल तर मात्र नानाखेड्याला एक मुक्काम करावा. उज्जैन क्षिप्रेच्या पूर्व तीरावर वसलेलं आहे आणि नानाखेडा त्याच्या दक्षिण टोकाला, इंदूर रस्त्यावर. महाकालाचं शिखर इथून वायव्येला, सरळ रेषेत तीन-साडेतीन किलोमीटरवर. शहराच्या आत उभं राहून देऊळ दिसतं, गल्ली दिसते, माणसं दिसतात; शहर दिसत नाही. ते एका नजरेत पाहायचं तर बाहेर सरकून थोडं उंचावर जावं लागतं. नानाखेड्यातल्या चार-पाच मजली लॉजची गच्ची दोन्ही गोष्टी देते. मधे एखादी नवी इमारत आड येत नाही ना, एवढं खोली घेण्याआधी वर जाऊन बघून घ्यायचं.

मुंबईची आकाशरेषा मरीन ड्राइव्हवरून पाहायची आपल्याला सवय आहे. तिथे समुद्राने पुढची जागा मोकळी ठेवली आहे आणि मागे काचेचे मनोरे आहेत. उज्जैनचं तसं नाही. माळव्याचं पठार समुद्रसपाटीपासून सुमारे ४९० मीटर उंच, पण इथे सपाट. जुनं शहर दोन-तीन मजल्यांचं. त्यामुळे या सपाटीवर जे जे डोकं वर काढतं ते लगेच नजरेत भरतं : देवळांची शिखरं, एखादा मिनार, पाण्याच्या टाक्या, मोबाइलचे मनोरे. त्यातही शिखरांचा मान अजून टिकून आहे. महानगरांच्या मानाने ही रेषा फार बुटकी, पण तिच्यातला प्रत्येक उंचवटा कुणी आणि का उभा केला हे सांगता येतं.

आणि तो उभा करणाऱ्यांत आपली माणसं बरीच निघतात. तेराव्या शतकात इल्तुत्मिशच्या स्वारीत महाकालाचं जुनं देऊळ पडलं. आज दिसतं ते शिखर राणोजी शिंद्यांचे दिवाण रामचंद्रबाबा सुखठणकर यांनी अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात केलेल्या जीर्णोद्धाराचं. राणोजींनी उज्जैनला आपली राजधानी केली आणि १८१० मध्ये दौलतराव ग्वाल्हेरला जाईपर्यंत शिंद्यांचा कारभार इथूनच चालला. बाजारपेठेच्या मधोमध छत्री चौकात जे गोपाळ मंदिर आहे, ते दौलतरावांच्या पत्नी बायजाबाई शिंदे यांनी बांधवलं. हरसिद्धीच्या अंगणातल्या दोन दीपमाळाही मराठी अमदानीतल्या. जेजुरी पाहिलेल्या माणसाला त्यांची ओळख करून द्यावी लागत नाही. म्हणजे गच्चीवरून आपण जी रेघ पाहतो तिचे ठळक बिंदू दोन-तीनशे वर्षांपूर्वी मराठी पैशाने आणि मराठी हौसेने घातलेले आहेत.

आता मुख्य प्रश्न : टिपायची केव्हा? छायाचित्रणाच्या पुस्तकांचं उत्तर ठरलेलं असतं. सूर्योदयानंतरचा आणि सूर्यास्ताआधीचा तास. उत्तर चुकीचं नाही, पण अर्धवट आहे. सूर्य कुठे आहे इतकंच महत्त्व आपण कुठे उभे आहोत आणि कुठे पाहतो आहोत यालाही आहे. उज्जैनमध्ये हे फार स्वच्छ समजतं, कारण या गावाने हजार-दीड हजार वर्षं हाच हिशोब केला आहे.

आधी नानाखेड्याची सकाळ घेऊ. डिसेंबरच्या उत्तरार्धात इथे सूर्य सात वाजून पाचच्या सुमाराला उगवतो आणि तो नेमका पूर्वेला उगवत नाही. बराच दक्षिणेकडे, आग्नेयेच्या अंगाला उगवतो. आपलं तोंड वायव्येकडे असेल तर पहिलं ऊन उजव्या खांद्यामागून येतं आणि थेट समोरच्या शिखरांवर पडतं. पहिल्या वीस-पंचवीस मिनिटांत शिखरं तांबूस होतात, खालची घरं अजून निळसर सावलीत असतात, आणि थंडीत जमिनीलगत साचलेला धुराचा-धुक्याचा पट्टा मधली सगळी गर्दी झाकून टाकतो. पाण्याच्या टाक्या आणि जाहिरातींचे फलक त्यात बुडतात, शिखरं वर राहतात. लॉजच्या मॅनेजरला आदल्या रात्री सांगून ठेवावं. 'छत का ताला छह बजे खुलवा दूँगा, साब,' एवढं आश्वासन मिळालं की निम्मं काम झालं.

इथे लांब पल्ल्याची लेन्स लागते. पूर्ण आकाराच्या सेन्सरवर २०० मिलीमीटरची लेन्स लावली तर साडेतीन किलोमीटरवरचा सुमारे सहाशे मीटर रुंदीचा पट्टा चौकटीत मावतो. तेवढ्यात देवळाचा परिसर आणि आजूबाजूची वस्ती छान बसते. लांबून घेतल्यामुळे पुढची-मागची घरं एकमेकांना चिकटल्यासारखी दिसतात आणि शहर दाट भासतं. मात्र हे सगळं सकाळी लवकर आटपायचं. ऊन तापलं की छपरांवरून गरम हवा उठू लागते आणि इतक्या अंतरावरच्या कडा थरथरतात. ती थरथर कितीही महाग लेन्स घेतली तरी जात नाही. मार्चनंतर हा त्रास सकाळी नऊलाच सुरू होतो.

त्याच गच्चीवर संध्याकाळी उभं राहिलं तर चित्र पालटतं. हिवाळ्यात सूर्य डाव्या हाताला मावळतो. शिखरांची एक बाजू उजळते, दुसरी काळवंडते, आणि त्यांची गोलाई उठून येते. जूनमध्ये सूर्य उत्तरेकडे सरकलेला असतो, त्यामुळे तो जवळजवळ समोरून डोळ्यांत येतो. तेव्हा नुसत्या काळ्या आकृत्या मिळतात. एकच गच्ची आणि एकच कॅमेरा असला तरी हिवाळ्यातल्या सकाळी रंग मिळतो, हिवाळ्यातल्या संध्याकाळी घडण, आणि उन्हाळ्यातल्या संध्याकाळी फक्त बाह्यरेषा.

अनेकांना शिखरामागे मावळणारा सूर्य हवा असतो. नानाखेड्याहून तो कधीच मिळणार नाही, आणि त्याचं कारण साधं आहे. उज्जैनच्या अक्षांशावर सूर्य वर्षभरात नेमक्या पश्चिमेपासून दोन्ही बाजूंना जास्तीत जास्त साडेपंचवीस अंश सरकतो. नानाखेड्याहून महाकाल त्याहून बराच उत्तरेकडे पडतो. म्हणून तो फोटो हवा असेल तर शहराच्या पूर्वेला जावं लागतं, म्हणजे रेल्वेरुळांच्या पलीकडे फ्रीगंजच्या बाजूला. टॉवर चौकातल्या घड्याळाच्या आसपासच्या एखाद्या उंच गच्चीवरून महाकाल पश्चिमेच्या थोडा उत्तरेला दिसतो, आणि वर्षातल्या काही दिवशी सूर्य त्याच रेषेत उतरतो. ते दिवस तुमच्या गच्चीवर अवलंबून. नकाशावर गच्चीपासून शिखरापर्यंत रेघ ओढून तिचा कोन काढायचा आणि सूर्याची दिशा दाखवणाऱ्या मोबाइल ॲपमध्ये त्या कोनाची तारीख शोधायची. मार्च आणि सप्टेंबरच्या आसपास मावळतीची जागा रोज जवळजवळ सूर्याच्या एका बिंबाएवढी सरकते, तेव्हा एक दिवस चुकला तर सूर्य शिखराच्या शेजारी जाऊन बसतो.

बिंब केवढं दिसेल याचंही गणित आहे. सूर्य आकाशात अर्धा अंश रुंद असतो. दोन किलोमीटरवरच्या वस्तूंपाशी अर्धा अंश म्हणजे साडेसतरा मीटर. साडेतीन किलोमीटरवर तीस मीटर. जेवढं दूर जाल तेवढं शिखराच्या तुलनेत बिंब मोठं. देवळाच्या दारात उभं राहून मोठा सूर्य मिळत नाही, त्यासाठी मागे सरकावं लागतं.

हे सगळं समजून घ्यायला ॲपपेक्षा चांगली जागा नानाखेड्याहून रिक्षाने थोडक्यात गाठता येते : क्षिप्रेकाठची वेधशाळा. सवाई जयसिंगाने दिल्ली, जयपूर, मथुरा, काशी आणि उज्जैन अशा पाच ठिकाणी वेधशाळा बांधल्या. मथुरेची नामशेष झाली. उज्जैनची अठराव्या शतकाच्या पूर्वार्धातली, तो माळव्याचा सुभेदार असतानाची. ती पुढे मोडकळीला आली होती. १९२३ मध्ये ग्वाल्हेरच्या माधवराव शिंद्यांनी तिची दुरुस्ती करून घेतली आणि तिची व्यवस्था पाहायला गोविंद सदाशिव आपट्यांसारखा मराठी ज्योतिर्विद लाभला. प्राचीन भारतीय ज्योतिषाने शून्य रेखावृत्त उज्जैनवरूनच मोजलं होतं, तेव्हा जागेची निवड उघडच होती.

इथलं सम्राट यंत्र म्हणजे दगड-विटांचं मोठं घड्याळ. मधल्या जिन्याची तिरपी भिंत जमिनीशी २३ अंश १० कलांचा कोन करते, म्हणजे उज्जैनच्या अक्षांशाएवढाच, आणि तिचं टोक ध्रुवाकडे. तिची सावली दोन्ही बाजूंच्या कमानींवर सरकते आणि वेळ दाखवते. ही वेळ मनगटावरच्या घड्याळाशी जुळत नाही. आपली प्रमाणवेळ ८२.५ अंश रेखांशाची, मिर्झापूरजवळची. उज्जैन त्याच्या सुमारे पावणेसात अंश पश्चिमेला. दर अंशाला चार मिनिटं धरली तर इथला सूर्य घड्याळाच्या सरासरी २७ मिनिटं मागे चालतो. शिवाय पृथ्वीची कक्षा लंबगोल आणि अक्ष कललेला असल्यामुळे हा फरक वर्षभर बदलत राहतो. नोव्हेंबरच्या सुरुवातीला इथे खरी मध्यान्ह घड्याळात १२ वाजून १० मिनिटांनी होते, तर फेब्रुवारीच्या मध्याला १२ वाजून ४१ मिनिटांनी. म्हणून सर्वांत लवकर सूर्यास्त २१-२२ डिसेंबरला होत नाही. तो नोव्हेंबरच्या अखेरीस, पावणेसहाच्याही थोडा आधी होतो. 'हिवाळ्यात सहा वाजता जाऊ' म्हणणाऱ्याचा सूर्य तेव्हा निघून गेलेला असतो.

शेजारचं नाडीवलय यंत्र फोटो काढणाऱ्याने आवर्जून पाहावं. विषुववृत्ताच्या पातळीत तिरपं बसवलेलं हे दुहेरी तबकडीचं यंत्र. मार्चच्या संपातापासून सप्टेंबरच्या संपातापर्यंत ऊन उत्तरेकडच्या तबकडीवर पडतं, उरलेले सहा महिने दक्षिणेकडच्या. शहरातल्या उत्तराभिमुख भिंतींना सकाळ-संध्याकाळचं ऊन कोणत्या महिन्यांत लागेल, याचं उत्तर इथे एका दृष्टिक्षेपात मिळतं. आणि २१ जूनला दुपारी साडेबाराच्या सुमाराला आलात तर सावली पायाखाली नाहीशी होताना दिसते. कर्कवृत्त आज उज्जैनच्या जेमतेम ३० किलोमीटर उत्तरेला आहे. त्या वृत्तावरची डोंगला गावची जागा भीमबेटकाच्या गुहाचित्रांचा शोध लावणाऱ्या विष्णू श्रीधर वाकणकरांनी दाखवून दिली. वाकणकर उज्जैनचेच. डोंगल्यालाही आता वराहमिहिराच्या नावाची वेधशाळा आहे. डोक्यावरच्या या उन्हात स्कायलाइन मात्र टिपू नये : कडांना सावलीच नसते, शिखर कागदातून कापून लावल्यासारखं सपाट दिसतं.

दुपारी जेवून, थोडं पडून, सूर्यास्ताच्या तासभर आधी नदीकडे निघावं. रामघाट पूर्व तीरावर; आपण छोट्या पुलावरून पलीकडे, दत्त आखाड्याच्या बाजूला जायचं. पश्चिम तीरावर पाण्याकडे तोंड केलं की मावळतीचं ऊन पाठीमागून येतं आणि समोरच्या घाटाच्या पायऱ्या, छत्र्या, देवळं, न्हाणारी माणसं सगळ्यांवर सरळ पडतं. क्षितिजावरच्या सूर्याचे किरण डोक्यावरच्या सूर्याच्या तुलनेत जवळपास ३८ पट हवा ओलांडून आलेले असतात. वाटेत निळा भाग विखरून जातो, उरतो तो केशरी. रामघाटावरच्या शेंदरी रंगाच्या बांधकामांना हा उजेड फार मानवतो. हीच जागा सकाळी अगदी उलट वागते. सूर्य शहराच्या मागून वर येतो, घाट काळा पडतो आणि पाण्यावर वाफ असेल तर काळ्या आकृत्यांमधून सोनेरी धूर वाहतो. रंग हवा असेल तर संध्याकाळ, आकृती हवी असेल तर सकाळ. नानाखेड्याच्या गच्चीवर हिवाळ्यात होतं त्याच्या नेमकं उलट.

पाण्यात प्रतिबिंब मिळतं का, असं बरेचजण विचारतात. क्षिप्रा उन्हाळ्यात आटणारी नदी. पण फेब्रुवारी २०१४ मध्ये नर्मदा-क्षिप्रा जोडयोजना सुरू झाली आणि नर्मदेचं पाणी उचलून इकडे आणलं जाऊ लागलं. २०१६चा सिंहस्थ त्या पाण्यावरच पार पडला. त्यामुळे घाटापाशी पाणी असतं आणि वारा पडला की प्रतिबिंबही मिळतं. वारा बहुधा सूर्यास्तानंतर पडतो, म्हणून घाई करून ट्रायपॉड गुंडाळू नये.

कारण खरी वेळ त्यानंतर येते. सूर्य बुडाल्यावर आकाश आधी फिकट होतं, मग पश्चिमेचा रंग पुन्हा एकदा चढतो आणि पाठोपाठ सगळीकडे गडद निळाई पसरते. ही निळाई नुसत्या किरणांच्या विखुरण्याची नाही. वातावरणाच्या वरच्या थरातला ओझोन तिरप्या किरणांमधला पिवळा-नारिंगी भाग शोषून घेतो, म्हणून ती इतकी खोल असते. युरोपातल्या पुस्तकांत हिला 'ब्ल्यू अवर' म्हणतात आणि तासाभराचा हिशोब मांडतात. लंडनला जूनमध्ये नागरी संधिप्रकाशच पाऊण तासाच्या वर चालतो. आपल्याकडे सूर्य क्षितिजाखाली जवळजवळ सरळ उतरतो. उज्जैनला सूर्यास्तापासून बावीस ते पंचवीस मिनिटांत तो सहा अंश खाली जातो. कामाची निळाई सूर्यास्तानंतर साधारण पंधराव्या मिनिटाला सुरू होते आणि तिसाव्याला संपते. एवढ्या वेळात आकाशाचा उजेड आणि दिव्यांचा उजेड तोलात येतो. त्याआधी दिवे फिके, त्यानंतर आकाश काळं.

या पंधरा मिनिटांत उभं राहायला उज्जैनमध्ये हरसिद्धीच्या अंगणाइतकी जागा नाही. रामघाट आणि महाकाल यांच्या मधे हे शक्तिपीठ. दोन दीपमाळा, प्रत्येकी पन्नास फुटांच्या घरातल्या, मिळून हजारावर दिवे. पूर्वी नवरात्रात पेटत; आता भाविक आधीपासून नोंदणी करून पेटवून घेतात, त्यामुळे एरवीही पाहायला मिळतात. संध्याकाळच्या आरतीच्या सुमाराला माणसं तेल आणि पलिते घेऊन दीपमाळांवर चढतात. पायाखाली दगडी हात, हातात ज्योत, आणि खालून वर सरसर पेटत जाणाऱ्या रांगा. पाहतापाहता दोन्ही दीपमाळा ज्योतींनी भरून जातात. मागे आकाश अजून निळं असेल तर केशरी आणि निळा या दोन रंगांतच चित्र पुरं होतं. हिवाळ्यात ही वेळ आणि दिवे लावण्याची वेळ जुळतेच असं नाही; सूर्य लवकर जातो आणि दिवे काळ्या आकाशावर पेटतात. मार्च आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये जुळण्याची शक्यता जास्त. सप्टेंबरच्या संपाताला सूर्यास्त सहा वाजून तेवीसच्या आसपास, मार्चच्या संपाताला सहा अडतीसच्या. त्या दिवशी दिवे किती वाजता लागणार हे देवळात आधी विचारून घ्यावं.

इथे कॅमेऱ्याची मांडणी अशी ठेवावी. ट्रायपॉड नसला तर कठड्याचा आधार. आयएसओ १०० ते २००, छिद्र एफ ८, शटर दोन ते आठ सेकंद. ज्योती हलतात, त्यामुळे फार लांब एक्स्पोजर दिलं तर त्यांचे गोळे होतात. दोन सेकंदांच्या आसपास राहिलेलं बरं. व्हाइट बॅलन्स 'ऑटो'वर सोडला तर कॅमेरा केशरी रंग निस्तेज करतो. तो 'डेलाइट'वर ठेवावा. मोबाइलवाल्यांनी नाइट मोडमध्ये ज्योतीवर बोट टेकवून उजेड थोडा कमी करावा, म्हणजे आकाशाची निळाई वाचते.

सकाळ बनारसची, संध्याकाळ अवधची आणि रात्र माळव्याची, अशी उत्तरेत जुनी म्हण आहे. दिवसा कितीही तापो, पठारावरची रात्र गार होते, हे त्यामागचं कारण. आज माळव्याच्या रात्रीत आणखी एक गोष्ट भरली आहे. ११ ऑक्टोबर २०२२ रोजी रुद्रसागराच्या काठाने 'महाकाल लोक' खुला झाला. नऊशे मीटरहून लांब मार्ग, १०८ स्तंभ, शिवकथांच्या मूर्ती आणि रंग बदलणारे एलईडी दिवे. रुद्रसागरात पाणी असेल तर त्यात पडलेल्या दिव्यांच्या मागे मंदिर धरता येतं. दिवे जांभळे-हिरवे झाले की दगड खोटा दिसतो. पिवळसर फेरा येईपर्यंत थांबावं. मुख्य मंदिरात डिसेंबर २०२२ पासून मोबाइल नेऊ देत नाहीत, तेव्हा आतल्या फोटोंचा विचारच सोडावा. शिखर टिपायचं ते बाहेरूनच.

ढगांच्या बाबतीत कालिदासाचा सल्ला घ्यावा. 'मेघदूता'तला यक्ष मेघाला सांगतो की वाट वाकडी झाली तरी उज्जयिनी पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नकोस, आणि महाकालापाशी दिवसा लवकर पोचलास तर सूर्य मावळेपर्यंत थांब. संध्याकाळच्या पूजेला त्याच्या गडगडाटाचा नगारा हवा असतो. त्याच ठिकाणी सांजवेळच्या तांबड्या उजेडाने रंगलेल्या मेघाचंही वर्णन येतं. फोटो काढणाऱ्याला यातलं निरीक्षण तंतोतंत पटतं. सूर्य क्षितिजाखाली गेला तरी ढग उंचावर असल्यामुळे त्यांच्या पोटावर आणखी काही मिनिटं ऊन पडत राहतं. निरभ्र आकाशात ही मजा नाही. जून अखेर ते सप्टेंबर या काळात सरी मधेच उघडतात, हवा धुतलेली असते, नानाखेड्याच्या गच्चीवरून लांबची शिखरं एरवीपेक्षा कितीतरी स्वच्छ दिसतात. धोका एकच : ढग जाड असला तर सगळंच राखाडी. आणि क्षिप्रेला पूर आला तर घाटावरची छोटी देवळं पाण्यात जातात, तेव्हा काठापासून दूर राहावं.

महिन्यांचा निवाडा करायचा तर माझी पसंती ऑक्टोबरचा पहिला पंधरवडा. पाऊस नुकताच संपलेला, धूळ अजून उडू लागलेली नाही, उजेड तिरपा व्हायला लागलेला आणि नवरात्रही आसपास. डिसेंबर-जानेवारी नानाखेड्याच्या सकाळसाठी. एप्रिल-मे टाळावेत; आकाश धुळीने पांढुरकं होतं आणि सूर्य क्षितिजाला टेकण्याआधीच मळून जातो.

मुंबईहून येणाऱ्यांना अवंतिका एक्स्प्रेस सोयीची : संध्याकाळी मुंबई सेंट्रलला बसायचं, सकाळी उज्जैनला उतरायचं. पुण्याहून इंदूरची गाडीही उज्जैनवरून जाते. विमानाने आलात तर इंदूरला उतरून रस्त्याने, आणि तो रस्ता नानाखेड्यावरूनच शहरात शिरतो. सकाळी पोहे-जिलेबी खाल्ल्याशिवाय माळव्यात दिवस सुरू होत नाही. ड्रोन बॅगेत असेल तर २०२१च्या ड्रोन नियमांखाली 'डिजिटल स्काय' नकाशावर जागा तपासावी आणि मंदिर परिसरात स्थानिक प्रशासनाच्या परवानगीशिवाय तो काढूच नये. घाटावर लांब लेन्स लावताना समोर माणसं स्नान करताहेत याचं भान ठेवावं. दत्त आखाड्याच्या बाजूला साधू बसलेले असतात. विचारून फोटो काढला तर बहुतेक हो म्हणतात.

एक दिवसच हातात असेल तर क्रम असा लावावा : सूर्योदयाला नानाखेड्याची गच्ची, दहाच्या सुमाराला वेधशाळा, दुपारी गोपाळ मंदिर आणि बाजार, सूर्यास्ताला क्षिप्रेचा पश्चिम तीर, निळाईत हरसिद्धी, रात्री रुद्रसागर. सगळं मिळून उजेड जिथे जाईल तिथे आपण जातो, एवढाच त्यातला हिशोब.

मात्र या क्रमातली पहिली जागा सर्वांत आधी हातची जाणार आहे. २०२८ मध्ये पुढचा सिंहस्थ भरेल आणि त्याच्या तयारीत इंदूर रस्ता रुंदावतो आहे, त्याच्या दोन्ही अंगांना हॉटेलं आणि निवासी संकुलं चढताहेत. नानाखेडा स्वतःच आता आकाशरेषेचा भाग होऊ लागला आहे. सहा-सात मजल्यांच्या दोन इमारती नेमक्या रेषेत आल्या तर या बाजूने महाकाल दिसणं बंद होईल, आणि ते काही दुष्टपणाने घडणार नाही. यात्रेकरूंना खोल्या हव्यातच. म्हणून इथे येणाऱ्या हौशी माणसाला एक सुचवावंसं वाटतं. सुंदर फोटोबरोबर एक साधा फोटोही काढा. गच्चीचा कोपरा, लेन्स, महिना आणि सूर्योदयानंतरची मिनिटं टिपून ठेवा, आणि पुढच्या वेळी त्याच कोपऱ्यातून, त्याच महिन्यात, तितक्याच मिनिटांनी पुन्हा काढा. उजेड तोच राहिला तर दोन चित्रांत दिसणारा फरक शहराचाच असेल. सिंहस्थाआधीचा एक आणि नंतरचा एक, असे दोन जरी जमले तरी उज्जैन कोणत्या दिशेने आणि किती उंच वाढलं हे त्यांवरून मोजता येईल.